चेंडू वर थांबतो तेव्हा

वर्गात कॅमेरा येणार म्हटल्यापासून साधना धास्तावली होती. कोळवणच्या शाळेत ती एकोणीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवत होती. माहेर रिहे गावचं, कॉलेजला गेलेली घरातली ती पहिलीच मुलगी. गणित पक्कं होतं. भौतिकशास्त्र मात्र बारावीनंतर सुटलं आणि नोकरीत तेच गळ्यात पडलं. गाईड पाठ करून ती निभावून न्यायची. कुणी खोलात शिरलं की म्हणायची, "परीक्षेला येत नाही, पुढे चला." हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

गणित-विज्ञानाचे शिक्षक कसे तयार होतात, यावर पुण्याची मृण्मयी संशोधन करत होती. एका तासाचं चित्रीकरण करायचं आणि नंतर शिक्षकासोबत बसून ते पाहायचं. "तुमचं नाव कुठंच येणार नाही," तिनं सांगितलं होतं. तरी तासाआधी साधनानं गाईडमधलं ते पान पुन्हा दोनदा वाचलं.

नववीचा वर्ग. तिनं फळ्यावर वर फेकलेला चेंडू काढला. "सगळ्यात उंचावर वेग शून्य. म्हणून बलही शून्य."

पिंकीनं हात वर केला. "मॅडम, बल न्हाई तर मंग त्यो खाली कशापायी येतोय? तितंच ऱ्हायला पायजे की."

कॅमेऱ्याचा लाल दिवा जळत होता. नेहमीचं वाक्य साधनाच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. "बघून सांगते," ती कशीबशी म्हणाली.

दुपारी प्रयोगशाळेत दोघींनी चित्रीकरण पाहिलं. पिंकीच्या प्रश्नाशी मृण्मयीनं ते थांबवलं. "इथं काय वाटलं?"

"आता पकडली जाणार, असं." साधना पडद्यावरच्या चेंडूकडे बघत राहिली. "पृथ्वी ओढायची थांबतच नाही, नाही का? वर जाताना, तिथं, खाली येताना... ओढतच असते. मी चुकीचं शिकवलं." ती मृण्मयीकडे वळली. "बी.एड.ला माझे पाठ तपासले, ते अक्षर, फळा, तक्ते बघून. मला हे समजलंय का, कुणीच विचारलं नाही."

मग तिला ओम आठवला. तिचा लाडका विद्यार्थी, आता मारुंजीत स्वतःचे क्लास चालवणारा. तिनं तिथूनच फोन लावला. "ओम, वर फेकलेला चेंडू सगळ्यात उंचावर असताना त्याच्यावर बल किती?"

"शून्य! तुम्हीच शिकवलंत की, मॅडम."

साधनाची चूक दुसऱ्या फळ्यावर पोचलीसुद्धा होती. तिनं अडखळत खरं काय ते सांगितलं. ओमनं ते दोनदा विचारून घेतलं.

"साठ पोरं हायेत माझ्याकडं. आता कसं सांगू त्यांना?"

"मी उद्या सांगतेय. मलाही भीतीच वाटतेय."

दुसऱ्या दिवशी तिनं नववीच्या वर्गात फळ्यावरचं शून्य पुसलं. "काल मी चुकले. पिंकीचं बरोबर होतं." तिनं चेंडूवर खाली जाणारा बाण काढला, तो वाकडा आला. कुणी हसलं नाही. पिंकी वहीत बाण काढत होती.

ओमनं सांगितलं का, हे विचारायला साधनानं दोनदा फोन हातात घेतला. लावायचं धाडस झालं नाही.