तळाशी कुणीतरी मनगट धरलं

आधीच एक विनंती. वाचून झाल्यावर मला उतारा, ताईत किंवा कुठल्या बाबांचा पत्ता सुचवू नका. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव-देवऋषी नाहीत, आणि भूतंही नाहीत. मी तशीच वाढले, आजही तशीच आहे. फक्त एक गोष्ट मला कुठे बसवता येत नाहीये... म्हणून इथे लिहितेय.

मी मूळची कर्जत तालुक्यातली, भीमाकाठच्या गावची. काम मात्र समुद्रात. शास्त्रज्ञांच्या मोहिमांवर मी डायव्हर म्हणून जाते. प्रवाळांचे फोटो काढायचे, तळाशी यंत्रं बसवायची, गाळ नळीत भरून वर आणायचा. त्या गाळातल्या बारक्या जिवांवरून समुद्राची तब्येत कळते.

दोन वर्षांपूर्वी एका खाडीच्या मुखाशी मोठी मोहीम ठरली. तिथलं पाणी इतकं गढूळ की स्वतःचा पंजा दिसत नाही. सगळं काम चाचपडत करायचं. ते जमलं नाही तर मोहिमेतून नाव कट. सराव कुठे करायचा यावर चर्चा चालली होती, तेव्हा मीच म्हटलं, "आमच्या गावाला चला. धरणाचं बॅकवॉटर आहे, तळाशी नुसता गाळ."

परवानगी काढून आम्ही तिघं आलो. मी, माझा डायव्हिंगचा जोडीदार निखिल — हा मालवणचा — आणि आमचे प्रमुख, ज्यांना सगळे सरच म्हणतात. होडी गावातल्या भानुदासमामांची. ते मासेमारी करतात.

थंडीचे दिवस, सकाळची वेळ. काठावर ऊसतोड चालू होती. आई भाकरी घेऊन आली होती. निखिलचा सूट, सिलेंडर बघून म्हणाली, "एवढा समुंदर पडलाय तुमाला, आन् हितल्या चिखलात कशाला उतरताय रं?"

"चिखलच शिकायचाय, मावशी," निखिल हसला.

मी आणि निखिल खाली गेलो. दोघांनाही होडीला बांधलेली एकच दोरी. सर वर दोरी धरून, स्वतःही सूट चढवून तयार. काही झालं तर उडी मारायला. पाणी आधी हिरवं, मग तपकिरी, मग काळं. तळाला टेकलो तेव्हा टॉर्च असून नसल्यासारखा होता. गाळात नळ्या रोवायला लागलो. काम छान चाललं होतं.

अचानक निखिल माझ्यापासून ओढल्यासारखा लांब गेला. मी हात घातला तर जाळं! कुणीतरी कधीतरी सोडून दिलेलं नायलॉनचं जाळं... आणि त्यात तो पुरता गुरफटलेला. सुटायला धडपडला तसा आणखी अडकला. दोरीही जाळ्यात गुंतलेली. मी इशाऱ्याचे झटके दिले, पण वर काही पोचत नसणार. गाळ उसळून काहीच दिसेना. फक्त त्याच्या श्वासाचा आवाज... भराभर. असा श्वास घेतला तर हवा किती टिकते हे मला चांगलं माहीत आहे.

मी सुरी काढली. पण कापायचं कुठे? हाताला लागेल ते कापत होते आणि तो सुटत नव्हता. घाबरले होते. तरी डोक्यात एकच — याला इथे सोडून मी वर जाणार नाही.

तेव्हा माझं डावं मनगट कुणीतरी धरलं.

घट्ट. पण घाईने नाही. माझा हात ओढत निखिलच्या मानेमागे नेला आणि सिलेंडरच्या नळाशी टेकवला. तिथे जाळ्याचा पीळ बसला होता. मी सुरी घातली, जोर लावला, पीळ तुटला. निखिल मोकळा झाला. मग उरलेलं कापलं, दोरी सोडवली, त्याला कमरेला धरून सावकाश वर आणलं.

होडीत पडल्यापडल्या मी म्हटलं, "बरं झालं जागा दाखवलीस. नाहीतर मला सापडलं नसतं."

तो उठून बसला. घाबरला की त्याची मालवणी बाहेर येते. "मी खंय दाखवलंय गो? माझे दोनय हात अंगाक आवळलेले होते."

खरं होतं. त्याच्या दोन्ही दंडांवरून पीळ मीच कापले होते. मी सरांकडे पाहिलं. त्यांचे केस, सूट, सगळं कोरडं.

आणि आणखी एक. आम्ही दोघांनी जाड हातमोजे घातले होते. माझ्या मनगटावर आलेला हात मोकळा होता. उबदार. आणि त्यात काचेच्या बांगड्या होत्या. सूटच्या कापडावर त्या घासल्याचं मला स्पष्ट जाणवलं होतं.

सर म्हणाले, "दीपाली, भीतीत मेंदू काहीही करतो." असेलही. पण मेंदूला ती जागा कशी कळली?

मामांना विचारलं, तिथे कुणी बुडालं होतं का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "न्हाई बा. धरनाआधी तितं जवारीची रानं हुती. दुसरं काय न्हाई."

आईला सांगितलं तर ती न घाबरता म्हणाली, "कुनाचा का हात असंना. लेकरू वाचलं न्हवं?"

सरांनी सराव बंद करायचं ठरवलं होतं. मी हट्ट धरला. भीती घेऊन गेले तर खाडीत काम होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी उतरले. या वेळी जोडीला सर. उरलेल्या नळ्या भरल्या, जाळ्याचे तुकडे गोळा केले. वर येण्याआधी मी डाव्या हातातला मोजा काढला आणि अंधारात हात पुढे धरून थांबले. थंड पाणी. दुसरं काहीच नाही.

खाडीची मोहीम झाली. आम्ही दोघं होतो. निखिल त्या दिवसाबद्दल बोलत नाही, मीही त्याला विचारत नाही. तो हात कुणाचा होता हे मला आजही माहीत नाही, आणि कळेल असं वाटत नाही. पण पाण्यात उतरायचं मी सोडलेलं नाही.