शेंगापोळीचा वाटा

निपाणीत माझ्या माहेरच्या गल्लीत आईची ओळख तिच्या शेंगापोळीवरून आहे. दाणे खमंग भाजायचे, साली पाखडायच्या, गुळाबरोबर बारीक कुटायचे आणि ते सारण भरून पोळी अशी पातळ लाटायची की तव्यावरून उतरल्यावर पापडासारखी मोडली पाहिजे. लेक माहेरून सासरी निघाली की तिच्याबरोबर खाऊची बुत्ती द्यायची आणि सासरी पोचल्यावर ती शेजारीपाजारी घरोघर वाटायची, ही आमच्याकडची रीत. गल्लीतल्या कितीतरी लेकींच्या बुत्तीत आईच्या हातच्या पोळ्या गेल्या. माझ्या बुत्तीचं तर विचारूच नका. बेळगावात आमच्या अपार्टमेंटमध्ये मी माहेरून कधी येते याकडे माझ्यापेक्षा शेजारणींचं लक्ष जास्त असायचं.

माझी मुलगी दीड वर्षाची असताना आईनं तिला याच पोळीचा नखाएवढा तुकडा भरवला. आजीनं नातीला भरवावा तसाच भरवला, त्यात कुणाचंच काही चुकलं नाही. पण बघता बघता पोरीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. पोरगी वाचली. पुढे बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं की हिला शेंगदाणा चालत नाही, अजिबात नाही, आणि एक इंजेक्शन कायम जवळ ठेवा.

आता हे दुसरीकडे कुठे सांगितलं असतं तर ठीक. आमच्या भागात शेंगदाणा नको म्हणणं म्हणजे कोकणात नारळ नको म्हणण्यासारखं. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपवासाला कूट, भाकरीबरोबर शेंगाचटणी. मी घरातला दाणा न् दाणा काढून टाकला. नवरा वकील आहे. तो दुकानात पाकिटांची अशी उलटतपासणी घ्यायला लागला की दुकानदार आम्हाला बघून आत जायचा. मुलगी बोलायला लागली तेव्हा मी तिला दोन वाक्यं आधी शिकवली. मराठीत, "मला शेंगा चालत न्हाईत." आणि कानडीत, "ननग शेंगा ब्याड." बालवाडीत कुणाचा वाढदिवस असला, देवळात प्रसाद वाटत असले की ही ओळीत उभी राहायची आणि आपली पाळी आली की हात मागे घेऊन दोन्ही भाषांत नको म्हणायची. लोक कौतुक करायचे. मला मात्र ते मागे घेतलेले हात बघवायचे नाहीत.

दुसऱ्या बाळाचा विषय निघाला की मी उठून कामाला लागायची. एकदा पोळले होते, पुन्हा चुलीत हात कोण घालेल? एक दिवस मुलगी बाहुलीला भरवत बसली होती. तिनं घास बाहुलीच्या तोंडाजवळ नेला आणि थांबून विचारलं, "तुला शेंगा चालतात काय गं?" मग कान लावून उत्तर ऐकलं आणि म्हणाली, "न्हाय? मला पण न्हाय." आपल्यासारखं कुणीतरी मिळाल्याचा आनंद होता तिच्या तोंडावर. मी आत जाऊन रडले. घरात तिला कुणीतरी सोबतीला हवं, हे मला त्या दिवशी पटलं. ते तिच्यासारखं असलं तर काय करायचं, ही भीती काही गेली नाही. भीतीसकट मी हो म्हटलं.

दिवस गेल्याचं आईला फोनवर कळवलं, तर तिकडून आनंदाच्या आधी हुकूम आला. तू आजपासून शेंगा तोंडात घालायच्या नाहीत, आईच्या पोटातून बाळाला बाधतं. मी घरी खात नव्हतेच, आता बाहेरही सोडल्या. चार दिवसांनी माहेरी गेले तर कळलं की तिनंही सोडल्यात. देवीपुढे दिवा लावून बोलली होती म्हणे. मी चिडले. एकीकडे मला घाबरू नको म्हणायचं आणि दुसरीकडे न जन्मलेल्या पोराच्या गळ्यात नवस बांधायचा, हा कुठला न्याय? आई शांतपणे भाकरी थापत राहिली.

"मी माझ्या हातानं भरवलं हुतं गं तिला," ती म्हणाली. "ह्या बाळाच्या तोंडात शेंग सुखानं पडस्तोवर मी खाणार न्हाय, करणार बी न्हाय."

चार वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली होती.

डॉक्टरीणबाईंना मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की आम्ही मायलेकींनी शेंगा सोडल्यात. वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तुम्ही सोडल्यानं बाळाचं काही भलं होत नाही, म्हणाल्या, बाहेर गेलात की खुशाल खा. आणि पुढचं तर मी त्यांना दोनदा सांगायला लावलं. बाळ साधारण सहा महिन्यांचं झालं, वरचं खायला लागलं की त्याला शेंगदाणा द्यायचा. उशीर करायचा नाही, टाळत बसायचं नाही. लवकर सुरू केलं तर अ‍ॅलर्जी व्हायची शक्यता कमी होते. मोठीला झालंय म्हणून पहिल्यांदा घरी द्यायचा नाही, माझ्यासमोर द्यायचा. मी हो म्हणून आले आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाले की बाई शहाण्या आहेत, पण आई कुणाची त्या नाहीत. वकिलानं पहिल्यांदाच माझी बाजू घेतली नाही.

मुलगा झाला. बाळंतपण निपाणीला. परत येताना आईनं बुत्ती दिली ती पुरणपोळी आणि रव्याच्या लाडवांची. शेजारणींनी गोड मानून घेतली, एकीनं तेवढं विचारलं की यंदा आईला बरं नव्हतं का. मी व्हय म्हटलं. ते काही फार खोटं नव्हतं.

सहा महिने कसे गेले, कळलं नाही. बाळ रांगायची तयारी करत होतं, समोर दिसेल ते ओढत होतं. मुलगी आल्यागेल्याला बजावायची, बाळाला काही द्यायचं न्हाय, आधी आईला विचारायचं. डॉक्टरीणबाईंनी बोलावलं तेव्हा प्रश्न पडला की दाण्याची पेस्ट करायची कुठे. माझ्या घरात दाणा येणार नव्हता. आई म्हणाली, मी करून आणते. नवस फक्त न खाण्याचा आणि पोळ्या न करण्याचा होता, यात तो मोडत नाही, हे तिनंच ठरवून टाकलं.

ती सकाळच्या बसनं आली. दाणे भाजून, गंधासारखे बारीक वाटून, छोट्या डबीत भरून, डबी पिशवीत आणि ती दुसऱ्या पिशवीत. भाजल्यावर पुन्हा अंघोळ करून लुगडं बदललं होतं. आमच्या घरी न येता सरळ दवाखान्यात आली. नात धावत निघाली तर तिनं लांबूनच हात केला, थांब, आत्ता न्हाय. मग मुलगी बाबाबरोबर बाहेर व्हरांड्यात बसली आणि आम्ही आत गेलो.

डॉक्टरीणबाईंनी पेस्ट पाण्यात पातळ केली आणि चमच्याच्या टोकावर घेतली. मी बाळाला मांडीवर धरलं होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला उठून पळून जावंसं वाटलं. बाळानं चाटलं, तोंड वाकडं केलं, परत जीभ बाहेर काढली. मग नुसतं थांबायचं. आईची नजर त्याच्या ओठांवरून हलत नव्हती. थोड्या वेळानं हनुवटीजवळ एक लाल ठिपका दिसला आणि आईनं माझा दंड असा धरला की नंतर वळ राहिला. डॉक्टरीणबाईंनी पुसून बघितलं. लाळेनं झालंय, म्हणाल्या, दात येतायत. मग अजून थोडं दिलं, परत थांबलो, अजून थोडं दिलं. शेवटी शेवटी बाळ चमचा सोडेना. अंगावर काही उठलं नाही, श्वास स्वच्छ. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, आता घरी जा, असंच पातळ करून, मोठीला लांब ठेवून, आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा, बंद करू नका. अख्खा दाणा मात्र इतक्यात नको.

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी आईवर चिडले. आता तरी खा, म्हटलं, फिटला तुझा नवस. डबीच्या तळाला थोडं राहिलं होतं. तिनं झाकण लावलं आणि डबी परत दोन पिशव्यांत घातली. "तिच्यासमोर न्हाय," व्हरांड्याकडे बघत एवढंच म्हणाली.

बाळाचं तोंड पुसून, आमचे हात साबणानं धुऊन आम्ही बाहेर आलो. मुलगी उभीच होती.

"त्याला काय झालं?"

"काय न्हाय झालं," मी म्हटलं. "त्याला चालतात शेंगा."

तिनं बाळाचे ओठ निरखून बघितले. माझ्या डोळ्यांसमोर ती बाहुली आली. वाटलं, ही पुन्हा एकटी पडली. तेवढ्यात ती आजीकडे वळली.

"आजी, आता तू पोळ्या करणार?"

आई डबीच्या पिशवीची गाठ आवळायला लागली.

"केलीस की माझा वाटा काढत जा," मुलगी म्हणाली. "मला न्हाय. बाळाला. मोठा झाला की माझा पण त्यानंच खायचा."

इतक्या वर्षांत तिनं कुठल्या वाटपात आपला वाटा मागितलेला मी ऐकला नव्हता. आई तिथल्याच बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली, आजूबाजूला पेशंट बसलेत याची पर्वा न करता. मग उठली, नळावर जाऊन पुन्हा एकदा कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले आणि नातीला कडेवर घेतलं. पोरगी आता कडेवर मावत नव्हती, पाय पार खाली लोंबत होते.

"काढते गं बाई तुझा वाटा," आई म्हणाली.