आर्लिसचा आमदार कुठे जातो

आर्लिस व्होंड्राचेकने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. आयोवातले खडीचे रस्ते, डिसेंबरातला बर्फ आणि पाठीमागे पन्नास पोरांचा गोंगाट, एवढ्यावर तिचं आयुष्य गेलं. कंबर गेली, डावा गुडघा गेला, पण एक सवय काही गेली नाही. आरशात नुसती नजर टाकली की कोणती जागा रिकामी आहे हे तिला कळायचं. डोकी मोजायची गरजच पडायची नाही.

नवरा लुमीर वारला तेव्हा तिने शेतावरचं घर सोडलं आणि कॅसनव्हिलच्या कडेला मेडो लेन नावाच्या वसाहतीत एक तयार घर घेतलं. ब्याण्णव घरं, सगळी पत्र्याच्या भिंतींची, एकेकाळी चाकांवरून ओढून आणलेली. घर ज्याचं त्याचं, खालची जमीन मात्र मालकाची. चाकं कधीच गंजून गेली, आणि घर उचलून दुसरीकडे न्यायचं तर घराच्या किमतीहून जास्त खर्च. मालकाला हे चांगलं ठाऊक असतं. पूर्वीचा मालक गावातलाच होता, तो वर्षाकाठी जागेचं भाडं थोडंसं वाढवायचा आणि नाताळात हॅम वाटायचा. तो मेला आणि पोरांनी जमीन दूरच्या राज्यातल्या कुठल्याशा कंपनीला विकली. कंपनीने तीन वर्षांत जागेचं भाडं दुप्पट केलं. हॅम बंद.

राजधानीत, डी मॉइनला, एक विधेयक होतं. भाडं वर्षातून एकदाच वाढवायचं, आणि जमीन विकायची झाली तर आधी तिथे राहणाऱ्यांना विचारायचं. एवढंच. तीन वर्षं ते समितीत यायचं आणि तिथेच मरायचं. समितीत अकरा मतं लागतात, दहा पडायची. आणि त्या समितीत मेडो लेनचा स्वतःचा आमदार बसायचा, रँडल हेमिंगसन.

रँडल म्हणजे गावाचा लाडका. चौदा वर्षं निवडून येतोय. मिरवणुकीत ट्रॅक्टरवरून टॉफ्या फेकणार, मयताला सगळ्यांच्या आधी हजर, आणि नाव कुणाचं विसरणार नाही. मेडो लेनमध्ये यायचा तेव्हा छातीवर हात ठेवून सांगायचा, "तुमच्या विरोधात मी आजवर एकदाही मत दिलेलं नाही. नोंदी काढून बघा."

लोक मान डोलवायचे. नोंदी कोण काढतोय?

आर्लिसने काढल्या. वाचनालयातला संगणक, समोर कॉफीचा थर्मास, आणि शेजारी एक जाड चष्मा घातलेली ग्रंथपाल, जिला या बाईची भीती वाटायची. तिन्ही वर्षांच्या नोंदीत रँडल खरंच विरोधात नव्हता. बाजूनेही नव्हता. तिन्ही वेळा त्याच्या नावापुढे एकच शब्द, गैरहजर. त्याच दिवशी त्याच बैठकीत आधीच्या विधेयकाला तो हजर, नंतरच्यालाही हजर. मधल्या दहा मिनिटांत साहेब गायब.

मग तिने त्याच्या देणगीदारांची यादी उघडली. ती काही गुपित नसते, सरकारच छापतं. फक्त कंटाळा न करता वाचायची. जागामालकांच्या संघटनेचं नाव वरच होतं. खाली तीन वेगवेगळ्या आडनावांची माणसं होती, आणि तिघांचा पत्ता एकच, त्या कंपनीच्या कचेरीचा. एकाही देणगीदाराचं पाऊल कॅसनव्हिलला कधी लागलेलं नव्हतं.

"म्हणजे काय झालं?" शेजारच्या ड्वेन क्रिझेकने विचारलं. ड्वेन मांसाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, भला माणूस, पण कुणी हात मिळवला की विरघळणारा.

"म्हणजे तो मत देत नाही, ड्वेन. मत द्यायची वेळ आली की उठून जातो. नकार द्यायचीही हिंमत नाही मेल्याला."

"असेल काही काम."

"तिन्ही वर्षं? नेमकं त्याच दहा मिनिटांत?"

"अगं, वय झालं की माणसाला सारखं जावं लागतं."

"तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे!"

यंदाही विधेयक आलं होतं, आणि विधेयकं गाळणारा, तिथे ज्याला नरसाळ्याचा आठवडा म्हणतात तो, तोंडावर होता. त्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत जे समितीतून बाहेर पडत नाही, ते त्या वर्षापुरतं संपलं. बैठक गुरुवारी. कंपनीने उन्हाळ्यात पुन्हा भाडं वाढवणार असल्याचं कळवून टाकलं होतं. आर्लिसच्या निवृत्तिवेतनातून जागेचं भाडं गेलं की औषधं आणि विजेचं बिल यांतलं एकच परवडत होतं. यंदा विधेयक मेलं तर घर सोडायचं, हे तिने मनाशी ठरवलं होतं. सोडायचं म्हणजे तिथेच टाकून जायचं.

बैठकीच्या आधीच्या शनिवारी वाचनालयाच्या तळघरात आमदारांची सभा होती. दर हिवाळ्यात असते. कॉफी, दालचिनीचे रोल आणि आमदार. इथे तोंडाने प्रश्न विचारणं उद्धटपणाचं मानतात, म्हणून प्रश्न कार्डावर लिहून टोपलीत टाकायचा. टोपली गॉर्डन पेल्झरच्या हातात. हा विमा विकणारा, रँडलच्या प्रचाराचा खजिनदार. गॉर्डन आधी कार्ड स्वतः वाचतो. गोड असेल तर मोठ्याने, कडू असेल तर गठ्ठ्याच्या तळाला. अकरा वाजतात, सभा संपते, तळ तसाच राहतो. ही फसवणूक गाव वर्षानुवर्षं रोल चावत बघतं आणि टाळ्या वाजवून घरी जातं.

आर्लिसने तीन संध्याकाळी दारोदार फिरून मेडो लेनची एक्केचाळीस माणसं जमवली. प्रत्येकाला सांगितलं, स्वतःच्या अक्षरात एकच प्रश्न लिहा: "आमच्या विधेयकाला नावं पुकारली तेव्हा तीन वर्षं तू कुठे होतास?"

गॉर्डनने पहिलं कार्ड उचललं, वाचलं, तळाला घातलं. दुसरं, तळाला. तिसरं, चौथं, पाचवं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एक कार्ड पुलाबद्दल निघालं तेव्हा त्याने ते इतक्या आनंदाने वाचलं, जणू पूल त्यानेच बांधलाय. मग पुन्हा तेच. गठ्ठा फिरून पहिलं कार्ड वर आलं. खोलीत कुणीतरी खुदकन हसलं.

"वाच की रे गॉर्डन," आर्लिस मागून म्हणाली. "अक्षर लागत नाही का? मी येऊ?"

त्याने वाचलं. वाचावंच लागलं.

रँडल हसला. त्याला हसू फार छान येतं. "खरं सांगू? बहुतेक बाथरूमला गेलो असेन. माणूसच आहे मी."

लोक हसले. आपलेच लोक, ज्यांच्या बुडाखालची जमीन विकली जातेय ते.

"तिन्ही वर्षं, रँडल?" आर्लिस उठून उभी राहिली. "आणि नेमका तेव्हाच? मग डॉक्टरला दाखव. नाहीतर सांग इथे सगळ्यांसमोर, येत्या गुरुवारी नाव पुकारतील तेव्हा जागेवर असशील की नाही?"

रँडलने छातीवर हात ठेवला. "आर्लिसबाई, शब्द देतो. गुरुवारी मी जागेवर असेन."

काय टाळ्या पडल्या! ड्वेन तर उभा राहून वाजवत होता. आर्लिसही खूश झाली. चारचौघांत पकडलेल्या माणसाला लाज वाटते, हा तिचा समज होता. बसमधल्या पोरांना वाटायची.

गुरुवारी चर्चची गाडी घेऊन चौदा जणं डी मॉइनला गेली. गाडी अर्थात आर्लिसनेच चालवली. समितीच्या खोलीत भिंतीला टेकून सगळी उभी राहिली. चार वाजता विधेयक पुढे आलं, लेखनिक नावं पुकारू लागला. हो, नाही, हो, हो, नाही. रँडल जागेवर होता. टाय नीट, हात टेबलावर.

"हेमिंगसन?"

"नाही," रँडल म्हणाला. स्वच्छ, ऐकू जाईल असं.

दहा विरुद्ध अकरा. नरसाळं बंद.

आर्लिसला तिथल्या तिथे कळलं की आपलं काय चुकलं. एक्केचाळीस कार्डं लिहून घेतली, आणि सगळ्या गावासमोर विचारलं काय, तर कुठे बसशील. मत काय देशील, हे एकाही कार्डावर नव्हतं. तिनेच लिहायला सांगितलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात तो स्वतः होऊन आला. हात पुढे केला. "मी शब्द पाळला, आर्लिसबाई. जागेवर होतो."

तिने हात घेतला नाही. "होतास खरा. चौदा वर्षांत पहिल्यांदा पगाराचं काम केलंस. आता मेडो लेनमध्ये छातीवर हात ठेवून काय सांगणार आहेस, ते ऐकायला मी पुढच्या रांगेत बसणारेय."

परतीच्या वाटेवर गाडी शहराबाहेर पडली. मग ड्वेन बोलला. "आधी तो निदान आपल्या विरोधात तरी नव्हता. तू त्याला डिवचलंस."

"आधी काय होतं आपल्याकडे, ड्वेन? बाथरूम?"

"मान होता थोडा. येऊन हात मिळवायचा."

"मग हातच मिळवत बस."

मागून कुणीतरी म्हणालं, "ड्वेन बरोबर बोलतोय." आणि आणखी कुणी हुंकार भरला. आर्लिसने गाडी चालवत ठेवली. तिला रँडलचा राग आला नाही एवढा या माणसांचा आला. लपून मारणारा यांना चालतो. मारणाऱ्याचं तोंड दाखवलं की दोष दाखवणाऱ्याचा.

उन्हाळ्यात भाडं वाढलं. सहा घरं रिकामी झाली. ड्वेनने आपलं घर कंपनीलाच जवळजवळ फुकटात दिलं आणि लेकीकडे मिसुरीला गेला. जाताना आर्लिसला न भेटता गेला. तिने स्वतः मात्र घर टाकायचा बेत रद्द केला. पाठीचा डॉक्टर नको म्हणत असताना सकाळची विशेष मुलांची छोटी बस पुन्हा धरली, आणि घर राखलं. या लोकांना एवढ्या सुखात सोडून जायचं नाही, असं ती म्हणते.

नोव्हेंबरात रँडल पुन्हा निवडून आला. मेडो लेनच्या मतदान केंद्रावर चौदा वर्षांत पहिल्यांदा हरला, पण तेवढ्याने काय होतं.

कार्डांची गोष्ट मात्र पसरत गेली आणि आर्लिसला फोन येऊ लागले, राज्यभरातल्या तसल्याच वसाहतींमधून, अनोळखी माणसांचे. परवा वायव्येकडून एक बाई बोलत होती. "आमचा आमदार बाथरूमला नाही हो जात. त्याला नेमका फोन येतो."

"कुठल्या तारखेला आला? सांगा," आर्लिस म्हणाली आणि पेन शोधू लागली. "आणि हे बघा बाई, कुठे होतास हे विचारू नका. मी विचारलं होतं. हो की नाही, तेवढंच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका."