पखवाजाची कणीक

भूकंपात आमची धाकटी लेक गेली आणि मी देवाचं नाव घेणं सोडलं. भजनी मंडळात पखवाज माझ्याकडे असायचा. गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो, तरी तो खुंटीला नुसता टांगलेला होता. वाजवायची भीतीच वाटे. त्याच्या डाव्या अंगाची धूम थेट त्या पहाटे जमिनीतून आलेल्या आवाजासारखी. साधा ट्रक गेला तरी माणसं बाहेर पळायची, तिथे मी थाप कशी मारणार? पण खरं काळीज तुटत होतं ते बायकोपायी. लेकीला मातीतून काढलं तेव्हापासून ती एक शब्द बोलली नव्हती. दवाखाने झाले, अंगारेधुपारे झाले. ही आपल्याला कायमची गेली, असंच मला वाटू लागलं होतं.

एके दिवशी औशाकडचे एक मुसलमान चाचा शेडचे पत्रे ठोकायला आले. काम आटोपून पाणी पिताना त्यांची नजर पखवाजावर गेली. वाजवण्याआधी त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, तेव्हाच आवाज खोल निघतो. हे त्यांना ठाऊक असावं. मला काही न विचारता ते थेट हिला म्हणाले, "भाभी, जरा कणीक मळून देता का? बिचारा लई दिवसाचा उपाशी दिसायलाय."

मी त्यांना गप्प करणार, तोच ही उठली. परातीत पीठ घेतलं, मळलं आणि गोळा माझ्यापुढे ठेवला, पूर्वी भजनाच्या दिवशी ठेवायची तसाच. आता नाही कसं म्हणणार? कणीक लावली आणि जीव मुठीत धरून थाप मारली. शेजारची माणसं खरंच धावत बाहेर आली. माझा हात तिथेच थिजला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "पखवाज चढा बोलायलाय. अजून थोडी लावा की."

तिचा आवाज! वळून पाहायचा धीर होईना. आणखी कणीक लावली, पुन्हा थाप दिली. बाहेरच्या कुणीतरी अभंग उचलला, आणि माझ्या पाठीला डोकं टेकून, लेकीचं नाव घेत ही हमसून हमसून रडली. त्या गडबडीत चाचा कधी गेले कळलं नाही. त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

आता लातुरात ती क्लासच्या पोरांची खानावळ चालवते आणि इतकी बोलते की मला तोंड उघडायला मिळत नाही. तो योगायोग होता की आणखी काही, या वादात मी पडत नाही. माझे सगळे उपाय थकले होते, आणि ज्याच्याकडे मी पाठ फिरवली त्याने माझ्या हाकेचीही वाट पाहिली नाही. म्हणून भजनाला बसलो की मी काही मागत नाही. मध्येच ती आतून ओरडते, "अहो, ताल सुटला!" तेव्हा माझे दोन्ही हात आपोआप जोडले जातात, आणि ताल खरोखरच सुटतो.