पांढऱ्या मातीचं माळवद

मी तेव्हा हिवतापाच्या पथकात होतो, गावोगाव घरं फवारत हिंडायचो. एका वैशाखात दुबलगुंडीला गेलो. निम्म्या गावानं छपराची जुनी मातीची माळवदं पाडून पत्रे टाकले होते, आणि भर दुपारी त्या घरांत पाऊल ठेववत नव्हतं. बौद्धवाड्यात मात्र एक म्हातारी बाई आपल्या माळवदावर उभी राहून नवी पांढरी माती लाकडी चोपण्यानं बडवत होती.

"अक्का, तुम्ही न्हाई टाकले पत्रे?" मी खालून विचारलं.

तिनं पदरानं कपाळ पुसलं. "जल्मभर लोकायची माळवदं चोपली मी. आता कुठं माझं सोताचं झालंय, आन् पत्रे टाकू व्हय? आत जाऊन बघा की!"

आत गेलो आणि अंगावरचा घाम गार पडला. भिंतीला टेकून गावातले एक मोठे शेतकरी निवांत बसले होते, पटका काढून मांडीवर ठेवून. त्यांचं घर मी सकाळीच फवारलं होतं; वर नवे कोरे पत्रे होते.

बाई खाली आली. हात धुऊन तिनं मला पाणी दिलं, मग भरलेला तांब्या त्यांच्या हातात दिला.

"ह्यायच्याच घराचं माळवद चोपायचे मी," ती मला म्हणाली. "तहान लागली की हे माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे."

ते तांब्या तोंडाशी नेता नेता थांबले.

"प्या, अप्पा," ती म्हणाली, "माझ्या घरात वरून ओतायची रीत न्हाई."