रोह्याचं नवं हॉटेल आणि उशाजवळचं बटण

हॉटेल निवडण्याच्या बाबतीत मी स्वतःला तज्ज्ञ समजतो. घरात माझं फारसं कुणी ऐकत नाही, ऑफिसात तर अजिबातच नाही, तेव्हा माणसाने कुठेतरी तज्ज्ञ असावं म्हणून मी हा प्रांत पकडला. या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना माझा नियम पाठ आहे: हॉटेल उघडून सहा महिने व्हायच्या आत तिथं राहून घ्यावं. गादी अजून कुणाच्या आकाराची झालेली नसते, गीझरमधून खरोखर गरम पाणी येतं आणि मालक स्वतः चहा घेऊन विचारायला येतो. पुढे हेच मालक ओळख देत नाहीत.

जानेवारीत जोडून सुट्टी आली आणि पेण-रोहा ठरलं. पेणचे गणपतींचे कारखाने बघायचे होते, कुंडलिकेच्या काठाने फिरायचं होतं, आणि रोह्याला माझी थोरली बहीण, शालनताई, राहते. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला बरीच वर्षं झाली. भाऊजी धाटावच्या एका कंपनीत शिफ्ट करायचे, आता निवृत्त आहेत आणि खांब गावाजवळची भाताची, वालाची शेती बघतात. ताईकडे मी जेवलोय भरपूर, राहिलोय मात्र एकदाच, तेही तिच्या लग्नानंतर लगेच. माजघरात ओळीने टाकलेल्या गाद्यांवर, दोन घोरणाऱ्या पाहुण्यांच्या मधे. न्हाणीघर परसात होतं. त्यानंतर मी रोह्याला जाताना नेहमी संध्याकाळी परतायचं कारण सोबत घेऊन जातो.

माझी बायको मेघना म्हणाली, या वेळी ताईंकडेच राहू. मी म्हटलं, नको, उगाच त्यांना त्रास. ‘त्यांना त्रास’ हा आपल्याकडे फार सोयीचा शब्द आहे. त्रास आपल्याला नको असतो आणि मोठेपणा वर फुकट मिळतो.

मग मी फोन घेऊन बसलो आणि मला ते सापडलं: रोह्यात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, नुकतंच उघडलेलं हॉटेल. ‘शांत, मध्यवर्ती भागात’ असं लिहिलेलं, आणि फोटोत रिकामी गल्ली व एक झोपलेलं मांजर. अभिप्राय मोजकेच होते, सगळे पंचतारांकित, त्यातले निम्मे एकाच आडनावाचे. एकाने लिहिलं होतं, ‘खूप छान आहे, अजून जाणं झालं नाही.’ एरवी अशा अभिप्रायांवर मी लांबलचक लेख लिहिला असता. पण एका फोटोत पलंगाच्या उशाजवळ, दोन्ही बाजूंना, दिव्याचं बटण आणि चार्जिंगचा पॉइंट दिसला आणि मी विरघळलो. या एका गोष्टीसाठी मी या ब्लॉगवर किती वर्षं गळा काढतोय, तुम्हाला ठाऊक आहे. दर अठराशे रुपये, सकाळचा चहा धरून. लगेच खोली घेतली. ताईला सांगायचं, आम्ही पेणला उतरलोय, उद्या दिवसभरासाठी येतो. मेघनाने हे ऐकून फक्त चष्मा पुसला.

पुण्याहून सकाळी लवकर निघालात तर खोपोलीमार्गे नाश्त्याला पेण गाठता येतं. खोपोली-पेण रस्ता बरा आहे, वळणं आहेत, पण झाडी आहे. पेणच्या एस.टी. स्टँडजवळ पोहे खाल्ले. पेणमध्ये पोहेच खावेत, बाकी ठिकाणी आपण पोह्यांच्या नावाखाली काय खातो ते कळतं. मग मूर्तींचे कारखाने. गणपतीला इतके महिने असताना घराघरांतून, पत्र्याच्या शेडमधून पांढऱ्या मूर्ती रांगेने वाळत ठेवलेल्या. डोळे अजून काढलेले नव्हते. मला ते बरं वाटलं, कारण माझा त्या दिवसाचा कार्यक्रम कुणी डोळे उघडून बघण्यासारखा नव्हता.

पापड घ्यायला एका दुकानात शिरलो. दुकानातल्या मावशींनी कुठं निघालात विचारलं. रोह्याला बहिणीकडे, म्हटल्यावर त्यांनी पापडाची दोन पाकिटं उचलली आणि एक परत ठेवून दिलं.

“रोह्याला पापड कशाला नेता? ती घरी करीत असंल,” त्या म्हणाल्या. “तुम्ही चार दिस रहा, तेवढंच तिला पुरं हाय.”

मी व्हय व्हय करून दोन्ही पाकिटं घेतली. मेघना दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

पेणहून वडखळ. तिथून उजवीकडे धरमतरचा रस्ता जातो, मिठागरं दिसतात, पाण्यावर मालाचे बार्ज उभे असतात. आम्ही डावीकडे महामार्गाला लागलो. महामार्गाचं काम चालू आहे हे वाक्य मी मागच्या लेखातून जसंच्या तसं इथे घेतो. नागोठण्यावरून आत वळलं की मात्र रस्ता सुखाचा, दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं आणि त्यात हिरवा वाल. दुपारी आम्ही रोह्यात होतो.

हॉटेल खरंच शांत होतं. खरंच मध्यवर्ती होतं. मांजरही होतं. दारावर उद्घाटनाचं तोरण वाळून लटकत होतं, जिन्याला ताज्या रंगाचा वास येत होता. खोलीत गादी कडक, चादर कोरी, न्हाणीघरात फिकट निळ्या टाइल्स आणि दर चार टाइल्सनंतर एक कमळ. दाराच्या मागे ओला टॉवेल टांगायला खुंटी. वाचायला दिवा, आणि तो नेमका पुस्तकावर पडणारा. आरशाखाली दाढीचं सामान ठेवायला फळी. आणि ते बटण, पडल्या पडल्या हाताला येणारं. मी ते दहा वेळा चालू-बंद केलं. मेघनाला म्हटलं, बघ, या माणसाला पाहुण्याची नस कळलीय, मोठ्या शहरांतल्या लोकांना जमलं नाही ते याने रोह्यात करून दाखवलं. फोटो काढले. शीर्षकसुद्धा सुचलं.

मालक दिनूशेट खाली काउंटरवर होते. पन्नाशीचे, हसरे, चहा स्वतः ओतणारे. मी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं, विशेषतः बटणाचं. ते संकोचले.

“ते माझं डोकं नाय हो,” म्हणाले. “आमच्या एक वैनी हायत, त्यांचं. बांधकाम चालू होतं तेव्हा रोज येऊन उभ्या राहायच्या. इथं खुंटी मार, इथं फळी कर. तुम्ही रोह्यात कुणाकडं आलात?”

आता बघा. ताईला काय सांगायचं ते मी नीट ठरवलं होतं. बाकीच्यांना काय सांगायचं ते ठरवायचं राहून गेलं होतं. आणि आपली ओळख निघाली की भाव वधारतो ही जुनी खोड. मी ऐटीत ताईच्या आळीचं नाव सांगितलं, भाऊजींचं सांगितलं, आणि म्हटलं, मी त्यांचा मेहुणा, पुण्याचा.

दिनूशेटांनी किटली खाली ठेवली.

“शालनवैनींचे भाऊ तुम्ही? ते हॉटेलांवर लिहिणारे?”

मी हो म्हटलं. कुणीतरी वाचतंय याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

“मग हितं कसे उतरलात?”

मी ‘त्यांना त्रास’ काढला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि मग शांतपणे सांगितलं ते असं. ताईने घरावर एक खोली बांधलीय, त्याला दोन वर्षं होऊन गेली. हॉटेलाचं काम तेव्हाच सुरू झालेलं, म्हणून दिनूशेटांचा गवंडी तोच, टाइल्स एकाच टेंपोतून आलेल्या. ताईने भावाचे लेख वाचून वाचून खोली करून घेतली होती, आणि खोली झाल्यावर कुणाला तिथं झोपू दिलं नव्हतं. पहिलं माहेरचं माणूस झोपेल, मग बाकीचे. तिची थोरली जाऊ शेजारीच राहते, ती येताजाता विचारायची, भाऊ कधी येतो गो?

“आता तुम्ही माझ्याकडं राहिलात तर उद्या बाजारभर होईल,” दिनूशेट म्हणाले. “भाऊ आला आणि लॉजवर उतरला. आमच्याकडं याचा अर्थ काय होतो तो तुम्हाला ठाऊक नसंल. बहिणीचं नि भावाचं फाटलं, असा होतो. मला गिऱ्हाईक पाहिजे हाय. पण तुम्ही नको.”

आयुष्यात मी पुष्कळ हॉटेलं नाकारली. हॉटेलाने मला नाकारण्याची ही पहिलीच वेळ. मेघना बॅगा भरून आधीच जिन्यात उभी होती. मी फक्त एवढं विनवलं की हे ताईला कळू देऊ नका. दिनूशेट म्हणाले, मी नाय सांगत, पण तुमची पुण्याची नंबरप्लेट दुपारपासून माझ्या दारात उभी हाय.

ताईच्या अंगणात थोरली जाऊ वालाच्या शेंगा निवडत बसली होती. तिने आम्हाला बघितलं, बॅगा बघितल्या आणि आत हाक मारली, “शालन, आला गो तुझा भाऊ. हॉटेल भरलेलं होतं वाटतं.”

मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. स्वतःसाठी नाही. ताई दारात आली होती, आणि ते वाक्य तिने ऐकलं होतं.

ती हसली, पापडांची पिशवी घेतली आणि म्हणाली, वर चला. वरची खोली कुलूप लावलेली. आत गेलो आणि मला माझेच लेख दिसू लागले. उशाजवळ दोन्ही बाजूंना बटणं. दाराच्या मागे खुंटी. पुस्तकावर पडणारा दिवा. आरशाखाली फळी. न्हाणीघरात निळ्या टाइल्स आणि कमळ. गुडघ्यांबद्दल मी एकदा ओझरतं लिहिलं होतं, तर कमोडच्या शेजारी धरायला दांडा. गादीवरचं प्लास्टिक ताई आमच्यासमोर काढायला लागली.

“तुझं ते सहा महिन्यांचं गणित हिला नाही लागू,” ती म्हणाली. “पण कुणी वापरली नाही, म्हणजे नवीच ना?”

मी नवीच म्हटलं आणि प्लास्टिकचं दुसरं टोक धरलं. मला फार लाज वाटली. रडूही आलं, ते मी खिडकी उघडायच्या निमित्ताने निभावलं. खिडकी मात्र जाम झाली होती, दोन वर्षं कुणी उघडली नव्हती.

दिवस मावळायच्या आत परसात पोपटी लागली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा, आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. तुम्ही जानेवारीत या भागात असाल तर हे कुणाच्या तरी घरीच खा. विकत मिळतं, पण तिथे थोरली जाऊ मिळत नाही. ती मला शेंगा वाढत राहिली आणि वर विचारत राहिली, पुण्याच्या पाहुण्यांना धूर सोसतो ना. मी सोसतो म्हटलं. जरा वेळाने तिने ताईला सांगितलं, खोली फुकट नाय गेली गो. ताईने ते मान वर करून ऐकलं.

आम्ही ठरल्यापेक्षा एक दिवस जास्त राहिलो. धावीर महाराजांचं दर्शन घेतलं, नदीकाठी फिरलो, भाऊजींबरोबर खांबला जाऊन वालाचं शेत बघितलं. निघताना ताई गाडीपाशी आली तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, ताई, मी आधी दिनूशेटकडे सामान टाकलं होतं. पेणला उतरणार होतो हे खोटं होतं.

“माहिती आहे,” ती म्हणाली. “तू तिथंच उतरशील हे मला आधीच वाटलं होतं. नवीन हॉटेल, तेही गावात. म्हणून तर दिनूच्या मागे लागून त्याच्याकडची बटणं पण उशाशी करून घेतली. म्हटलं, माझ्याकडं नाही आलास तरी तिथं तरी नीट झोपशील.”

लोणावळ्यापर्यंत गाडी मेघनाने चालवली.

आता घरी येऊन हे लिहितोय. बरेच वाचक विचारतील, त्या हॉटेलचं नाव काय. रोह्यात तुमचं कुणी नसेल तर नक्की जा, बाजारपेठेत दिनूशेट म्हटलं की कुणीही दाखवेल. कुणी असेल तर जाऊ नका, ते ठेवूनही घेणार नाहीत.

माझ्याकडेही एक जास्तीची खोली आहे. तिच्यात जुना टीव्ही, इस्त्रीचं टेबल आणि मोडलेली सायकल राहते. ताई पुण्याला आली की दर वेळी संध्याकाळच्या गाडीने परत जाते, आणि तिला परतायची घाई असते असं मी आजवर समजत होतो. परवा खोली रिकामी केली. काल इलेक्ट्रिशियन येऊन उशाजवळ दोन्ही बाजूंना बटणं लावून गेला. लगेच ताईला फोन केला, चांगली चार दिवस राहायला ये म्हटलं.

“येते की,” ती म्हणाली. “पण तुला कशाला त्रास? तुमच्या तिकडं एखादं नवीन हॉटेल असेल बघ.”