कानामागचा ठिपका

"कान हयसर कर," म्हणत काकी आधी कानच धरायची. पान दुमडावं तसा दोन बोटांनी पुढे दुमडायची आणि मागे डायचा एक ठिपका लावायची. "आता दोन दिस हो ठिपको सांभाळ. खाज इली नाय, तर ये."

देवबागेतली ही आमची शेजारीण. वाडीतल्या निम्म्या बायकांचे केस हिच्या मागच्या पडवीत काळे झाले. हत्यारं दोनच, जुना टूथब्रश आणि कान तुटलेला कप. केस रंगवणारी एखादी तुमच्याही शेजारी असेल, पण ठिपक्याशिवाय डोक्याला हात न लावणारी मी ही एकच पाहिली. स्वतःचं डोकं मात्र पांढरंशुभ्र.

"माका सोसत नाय," ती सांगायची. भावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिने घाईत डाय लावला आणि सकाळी डोळेच उघडेनात. "मंगलाष्टकां नुसती आयकलंय. अक्षता अंदाजान मारलंय, निम्मे भटजीच्या टकलार."

मी चौतिसाची झाले आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरे केस दिसायला लागले. हे जहाजावर, नऊ महिने. जाताना माझं डोकं काळंभोर होतं. आता हे येऊन बघतील आणि मनात म्हणतील, ही कोण म्हातारी? हसू नका, मला खरंच रडू यायचं. व्हिडिओ कॉलवर भांग दिसू नये म्हणून मी फोन हनुवटीखाली धरायचे. हेही कायम टोपी घालून बोलायचे, पण माझं तिकडे लक्ष कुठे.

आठवड्याने येणार होते, ते अचानक उद्याच येतो म्हणाले. पाकीट घेऊन मी पडवीत धावले.

"काकी, आजच लावा."

तिने कान दुमडला, ठिपका लावला आणि पाकीट तांदळाच्या डब्यात टाकलं. "दोन दिस."

"अहो, उद्या सकाळी येतायत हे."

"घोव तुका बघूक येता की भांगाक?"

माझं डोकं फिरलं. "तुमचा घोव जन्मभर दारात बसून जाळी विणतोय, तुम्हाला काय कळणार?" म्हणाले आणि निघाले. मागून एवढंच ऐकू आलं, "ठिपको पुसू नको गो."

सकाळी आरशात बघितलं तर कान रतांब्यासारखा लाल आणि तेवढाच टम्म. तो डाय डोकंभर लावला असता तर?

तेवढ्यात रिक्षा आली. ह्यांनी अंगणात टोपी काढली. केस कोळशासारखे काळे, कपाळावर काळा पट्टा, कानाच्या पाळ्याही काळ्या.

"बंदरावर घेतला डाय," खाली बघत म्हणाले. "सगळं पांढरं झालं होतं गो. म्हटलं, तू काय म्हणशील."

पायरीवर बसून आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो. नऊ महिन्यांचं ओझं एका मिनिटात उतरलं.

आवाज ऐकून काकी आली. ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "ह्येका कोणी रंगवलो?" आणि खोबरेल आणून स्वतःच कपाळ पुसायला बसली.

"काकी, काल मी तुम्हाला..."

"कान बघूया," ती म्हणाली. त्या विषयावर तिने मला पुढे कधी बोलूच दिलं नाही.

गेल्या वर्षी मुलगा तिला मुंबईला घेऊन गेला. पडवीतलं स्टूल भिंतीला टेकून उभं आहे. मला तिची फार आठवण येते. अधूनमधून तिचा व्हिडिओ कॉल येतो. मी अर्धे पांढरे झालेले केस मागे सारून आधी कान दाखवते. ती चष्मा वर करून नीट बघते, "बरो आसा," म्हणते, आणि मगच विचारते, कशी आसस गो?